आधी अमळनेर की आधी रावेर

वेबसाइट बनवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्याच बैठकीत रंग ठरवतं, लोगो कुठे बसवायचा ते ठरवतं, गूगलवर आपण वर दिसू ना, हे दोनदा विचारून घेतं. यादीतल्या नोंदी कोणत्या क्रमाने दिसणार, हे मात्र विचारत नाही. तो विषय साइट सुरू झाल्यावर निघतो, बहुतेक वेळा फोनवर, आणि पलीकडचा आवाज चढलेला असतो.

शाळांच्या साइटवर तर हे हमखास. 'शिक्षकवृंद' नावाचं एक पान असतं. ऑफिसातला क्लार्क हजेरीपट समोर ठेवून नोंदी टाकायला बसतो. पहिली नोंद अर्थातच मुख्याध्यापकांची, मग पर्यवेक्षक, मग सेवाज्येष्ठतेने बाकीचे, शेवटी प्रयोगशाळेतले परिचर आणि शिपाई. सगळं भरून झाल्यावर पान उघडून बघतो, तर सगळ्यात वर शिपाई आणि मुख्याध्यापक शेवटच्या पानाच्या तळाला. आधी टाकण्याचा मान दिला, म्हणूनच साहेब खाली गेले. क्लार्कचं यात काहीही चुकलेलं नसतं.

अशा बहुतेक साइट ज्यावर चालतात ते वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २७ मे २००३ ला आलं ते ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी. ब्लॉगवाल्याला काय हवं? ताजं वर, जुनं खाली, एका पानावर दहा नोंदी. तोच हिशोब आजही त्याच्या पोटात आहे. वेगळं काही सांगितलं नाही, तर प्रत्येक यादी प्रकाशनाच्या तारखेने उलटी लागते. बातम्यांना हे चोख लागू पडतं. रावेर-सावद्याचे आजचे केळीचे भाव कालच्या भावांच्या वरच हवेत. पण थाळनेरच्या किल्ल्याला ताजा-शिळा काय लावणार? ते खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या पहिल्या राजधानीचं ठिकाण, चौदाव्या शतकातलं. साइटच्या लेखी मात्र त्याचा जन्म कोणीतरी टायपिंगला बसलं त्या दुपारचा.

मग लोक तारखेशी खेळतात. हवी ती नोंद वर आणायची तर तिची तारीख पुढची टाकायची, नको ती ढकलायची तर दोन वर्षं मागे न्यायची. हा उपाय सगळ्यांना आपला आपण सुचतो. माझा याला ठाम विरोध आहे. एक तर तारीख उद्याची टाकली, तर वर्डप्रेस ती नोंद वर आणत नाही. 'शेड्यूल्ड' म्हणून चक्क दडवून ठेवतं, आणि मग "आमचं पान गायब झालं" असा फोन येतो. दुसरं असं की, क्रमासाठी तारीख खोटी केली, की नोंद खरोखर कधी टाकली हे कायमचं पुसलं जातं. वर्षभराने सारंगखेड्याच्या यात्रेची माहिती जुनी आहे की नवी, हे ओळखायची सोय उरत नाही. एका गोष्टीचं काम दुसरीकडून करून घेतलं की दोन्ही बिघडतात.

सरळ रस्ता वेगळा आहे. २००५ मध्ये वर्डप्रेसमध्ये पोस्टच्या जोडीला 'पेज' आलं. पेजला एक छोटी चौकट असते, 'ऑर्डर' नावाची. आत आधीपासून शून्य असतं. तिथे आकडा टाकायचा. लहान आकडा आधी, मोठा नंतर. साध्या पोस्टला ही चौकट दिसतच नाही. नोंदींचा स्वतःचा प्रकार बनवताना ती मुद्दाम मागून घ्यावी लागते. ड्रुपल आणि जूमला ही वर्डप्रेसचीच भावंडं. ड्रुपलमध्ये याच गोष्टीला वजन म्हणतात. जड नोंद बुडते, हलकी तरंगते, आणि उणे वजनही चालतं. जूमलात आडव्या रेघांची खूण पकडून नोंद वरखाली ओढायची. पण आधी त्या क्रमाच्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलेलं नसेल, तर ती खूण करडीच राहते आणि नोंद जागची हलत नाही. ही एवढी गोष्ट मी किती जणांना फोनवर सांगितली असेल!

चौकट हाताशी आली की खरी गंमत सुरू होते. आपल्याकडे लग्नपत्रिका छापायला टाकताना नावांवरून जे होतं, तेच सगळं इथे होतं. निमंत्रकात कोण, विनीतमध्ये कोण, थोरल्या काकांच्या आधी मामांचं नाव कसं, आणि 'समस्त पाटील परिवार' ही ओळ नेमकी कुठे. पत्रिकेत निदान तळाला 'नजरचुकीने नाव राहून गेल्यास क्षमस्व' छापून सुटता येतं. साइटवर ते चालत नाही, कारण तिथे बदलायला पैसे पडत नाहीत, आणि बदलता येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोणी एकाला १ देतं. दुसऱ्याला त्याच्याही वर जायचं असतं, तो ० टाकतो. तिसरा उणे १. मग कोणाला तरी उणे ९९ सुचतं, आणि त्यानंतर त्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. होमपेजवर पोस्ट वर चिकटवून ठेवणाऱ्या 'स्टिकी'चंही तेच. एक चिकटवली तर लोक बघतात. सहा चिकटवल्या तर ती नवीन यादीच झाली, आणि तिच्यात पुन्हा वर कोण हा प्रश्न आलाच.

जळगावातल्या एका छोट्या संस्थेसाठी मी खानदेशातल्या बघण्यासारख्या ठिकाणांची साइट करत होतो. जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे, पंचवीस तालुके. पाटणादेवी, पद्मालय, मनुदेवी, उनपदेव, चांगदेवाचं मंदिर, लळिंग, बळसाणे, प्रकाशा, तोरणमाळ, पाल. संस्थेचे सचिव भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "कोणाला वर-खाली केलं असं वाटायला नको. सरळ अकारविल्हे लाव."

वर्णानुक्रमाबद्दल आपला असा समज असतो, की त्यात कोणाची बाजू घेतली जात नाही. म्हणून तालुके तसे लावले. नुसत्या जळगाव जिल्ह्याची यादी बघा: अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, चोपडा, जळगाव, जामनेर, धरणगाव, पाचोरा, पारोळा, बोदवड, भडगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, यावल, रावेर. सरकारी असो की खासगी, मराठीतल्या कुठल्याही यादीत अमळनेर कायम पहिलं आणि रावेर कायम शेवटचं. अमळनेरने त्यासाठी काही केलेलं नाही, रावेरचंही काही चुकलेलं नाही. मुक्ताईनगरची गोष्ट तर याहून मजेदार. त्याचं जुनं नाव एदलाबाद. त्या नावाने ते या यादीत दुसरं आलं असतं, एरंडोलच्याही आधी. नाव बदललं आणि तालुका एकदम तेराव्या जागी गेला. नावावर चर्चा करणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात ही गोष्ट आली असेल असं वाटत नाही.

तिन्ही जिल्हे एकत्र केले तर अक्कलकुवा पहिलं, अक्राणी दुसरं. पण अक्राणी तालुका हे कागदावरचं नाव. लोक म्हणतात धडगाव, कारण तालुक्याचं ठाणं तिथे आहे. लोकांच्या तोंडचं नाव टाकावं तर तोच तालुका दुसऱ्या जागेवरून थेट तळोद्याच्या खाली घसरतो. आणि सगळ्यात शेवटी साक्री. साइट कशी झाली ते बघायला आलेल्यांत तिकडचे एक गृहस्थ होते. मोबाईलवर अंगठ्याने यादी वर सारता सारता थांबले आणि म्हणाले, "आमना तालुका कायम खालेच कसाले, भाऊ?" ते चिडलेले नव्हते. उत्तर मात्र त्यांना हवं होतं, आणि 'स' हे अक्षर शेवटाला येतं, हे काही उत्तर नव्हे.

त्यात संगणकाचा वर्णानुक्रम आणि आपण शाळेत घोकलेला वर्णानुक्रम एक नाही. आपली मुळाक्षरं 'ह, ळ, क्ष, ज्ञ' अशी संपतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या तक्त्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतो त्यात, 'ळ'ची जागा 'ल'च्या लगेच नंतर, 'व'च्या आधी. म्हणून शाळेच्या हिशोबाने कासार आधी आणि काळे नंतर. संगणकावर काळे आधी. 'क्ष' तर त्याच्या दृष्टीने स्वतंत्र अक्षरच नाही. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं, त्यामुळे ते 'क'च्या घरात. आणि 'ॲ'? हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. तोवर ओळीत जागा उरली नव्हती, म्हणून त्याला आकड्यांच्याही पुढे बसवलं. नुसत्या सांकेतिक क्रमांकाने यादी लावली, तर 'ॲड.' लावणारे झाडून सगळे वकील 'ह'च्याही खाली जातात. वकिलांच्या बाबतीत हे घडलेलं मी बघितलं आहे आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलेलं नाही. डेटाबेसमध्ये नव्या पद्धतीची जुळणी, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम, निवडली की हे बरंचसं सुधारतं, पण ती निवडायला हवी हे ठाऊक असावं लागतं. आकड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. मजकूर म्हणून लावले तर प्रभाग १, मग प्रभाग १०, प्रभाग ११, आणि त्यानंतर कुठेतरी प्रभाग २.

माणसांच्या यादीत तर आडनावाने लावायचं की नावाने, हेच आधी ठरवावं लागतं. आपल्याकडे आडनावाने लावलं की पाटील, महाजन आणि चौधरी यांतच अर्धी यादी संपते. आणि प्रत्येक नावाआधी 'श्री.' टाकलेलं असेल, तर सगळेच 'श'मध्ये.

निवडणुकीच्या मतपत्रिकेवर हा प्रश्न कायद्याने सोडवला आहे, आणि तो सोडवण्याची पद्धत मला आवडते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३८ उमेदवारांचे तीन गट करतं: मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणी असलेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग उरलेले. वर्णानुक्रम लागतो तो प्रत्येक गटाच्या आत. त्यामुळे अपक्षाचं नाव 'अ'वरून असलं, तरी तो मोठ्या पक्षाच्या 'स'च्या खालीच. २०१३ पासून सगळ्यात शेवटी नोटा. आधी गट, मग गटात अक्षर, हे वर्डप्रेससारख्या कुठल्याही सीएमएसला, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, सहज सांगता येतं. याहून महत्त्वाचं म्हणजे नियम आधीच छापलेला आहे, म्हणून निकालानंतर क्रमावरून भांडण नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात तर मतपत्रिकांच्या वेगवेगळ्या प्रतींवर नावांचा क्रम फिरवून छापतात, म्हणजे वरच्या जागेचा फायदा सगळ्यांत वाटला जातो.

मग साइटवरही दर वेळी यादी पिसून का दाखवू नये? संस्थेतल्या एका तरुणाने हे सुचवलं होतं, आणि न्यायाच्या दृष्टीने ते बरोबरही होतं. करताही येतं. पण डेटाबेसला प्रत्येक भेटीला नव्याने पिसायला लावणं मोठ्या यादीत महागात पडतं. साइट वेगाने उघडावी म्हणून पान साठवून ठेवलं असेल, तर पिसलेला एकच क्रम तासन् तास सगळ्यांना दिसतो. आणि पहिल्या पानावर दिसलेलं पद्मालय दुसऱ्या पानावर पुन्हा भेटतं. ज्याला काल पाहिलेलं ठिकाण आज परत शोधायचं आहे, त्याची तर पंचाईतच.

तसाच एक प्रकार हाताने आकडे देतानाही होतो, तो इथेच सांगून टाकतो. समजा आठ ठिकाणांना १० हाच आकडा दिला. आता त्या आठांत आधी कोण? डेटाबेस याची कसलीही हमी देत नाही. पहिलं पान मागताना तो एक क्रम लावेल, दुसरं पान मागताना दुसरा. परिणाम असा, की एक ठिकाण दोन्ही पानांवर येतं आणि एक कुठेच दिसत नाही. नोंद आहे, प्रकाशित आहे, पण यादीत नाही. म्हणून क्रम सांगताना नेहमी दुसरी कसोटी जोडायची: आधी आकडा, आकडा सारखा असेल तर शीर्षक, तेही सारखं असेल तर नोंदीचा आयडी. आयडी कधी सारखा नसतो.

साक्रीच्या गृहस्थांच्या प्रश्नावर आप्पा काही दिवस विचार करत होते. मग एकदा त्यांनी घरून जुना भिंतीवरचा नकाशा आणला, कापडावर चिकटवलेला, घडीवर फाटलेला. टेबलावर पसरला, एका कोपऱ्यावर माझा माऊस ठेवला, दुसऱ्यावर चष्म्याचं घर.

"हे बघ," ते म्हणाले, "पाणी कुठून येतं?"

"बऱ्हाणपूरकडून."

"आणि खानदेशात पहिलं कुठे शिरतं?"

तापी बऱ्हाणपूर सोडून रावेर तालुक्यात शिरते. आप्पांनी तिथे बोट ठेवलं आणि पश्चिमेकडे सरकवत नेलं. चांगदेवला पूर्णा मिळते: मुक्ताईनगर. पुढे वाघूर: तिच्याबरोबर जामनेर. मग गिरणा, तिच्या काठाने चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल. मग बोरी: पारोळा, अमळनेर. मग पांझरा: साक्री, धुळे. मग बुराई: शिंदखेडा. उजव्या अंगाने अनेर, चोपडा आणि शिरपूरच्या मधली. मग सारंगखेडा, आणि प्रकाशाला गोमाई. शेवटी नवापूरची रंगावली, आणि तिथून पुढे उकाई, गुजरात.

"वर्गात असंच शिकवायचो," आप्पा म्हणाले. "पोरं तालुके विसरायची. नदी विसरायची नाहीत."

मला हा क्रम पटला तो नदीच्या प्रेमापोटी नव्हे. खानदेशातला माणूस यादीतली दोन-चार नावं वाचून नियम ओळखू शकतो आणि आपलं गाव साधारण कुठे असेल, याचा अंदाज बांधू शकतो, म्हणून पटला. वर्णानुक्रमाचीही खरी ताकद तीच आहे; निःपक्षपाती वगैरे नंतरचं. जो नियम वाचणाऱ्याला बघून कळत नाही, तो कितीही न्याय्य असला तरी त्याला लहरच वाटणार. शिवाय ही साइट बघून प्रत्यक्ष फिरायला निघणाऱ्याला शेजारचं ठिकाण यादीतही शेजारी मिळतं. अकारविल्हे यादीत चाळीसगावच्या खाली चोपडा येतं. गाडी घेऊन जाऊन बघा, म्हणजे कळेल मधे किती खानदेश आहे.

संस्थेच्या बैठकीत अमळनेरचे नाना नाराज झाले. जळगाव जिल्ह्यातलं पहिलं स्थान जाऊन त्यांचा तालुका मधोमध आला होता. सखाराम महाराजांचं गाव, साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते गाव, २०२४ चं साहित्य संमेलन भरलं ते गाव, असं त्यांनी मोजून दाखवलं. सगळं खरंच होतं. आप्पा म्हणाले, "नाना, तुमचं मोठेपण अक्षरामुळे होतं का?" त्यावर नाना हसले, पण मत त्यांनी बदललं नाही. इतिवृत्तात त्यांचा विरोध नोंदवला आहे.

नियम तरीही एका ठिकाणी तुटलाच. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या उत्तरेकडच्या उतारांचं पाणी तापीला येत नाही, ते सातपुड्यापलीकडे नर्मदेला जातं. त्या दोन तालुक्यांना तापीच्या ओघात कुठे बसवणार? आप्पांचं म्हणणं, नर्मदेचा वेगळा गट करा आणि शेवटी ठेवा. मला ते पटेना. आदिवासी तालुके वेगळे काढून तळाला टाकल्यासारखं दिसलं असतं, आणि कारण भूगोलाचं आहे हे कोणी वाचलं नसतं. शेवटी त्यांना शहाद्याच्या पाठोपाठ हाताने बसवलं, कारण शहाद्याहून तोरणमाळला रस्ता जातो. म्हणजे नव्वद टक्के नदी आणि दहा टक्के रस्ता. भूगोलाच्या शिक्षकाला ते अजून खुपतं.

आकडे दहा-दहाच्या अंतराने दिले: रावेर १०, मुक्ताईनगर २०, असे. जुन्या बेसिक भाषेत प्रोग्रामच्या ओळींना असेच क्रमांक द्यायचे, मधे एखादी ओळ घुसवायची वेळ आली तर जागा असावी म्हणून. यादीच्या डोक्यावर बारीक अक्षरात एक ओळ टाकली: 'क्रम तापीच्या प्रवाहाप्रमाणे, पूर्वेकडून पश्चिमेकडे.' शेजारी 'अकारविल्हे' असं एक बटणही ठेवलं. ज्याला हवं तो दाबतो. त्यामुळे नाना आता निदान त्या बटणापुरते खूश आहेत.

नोंदी टाकणाऱ्या ताईंसाठी एक कागद टाइप करून कीबोर्डशेजारी चिकटवला आहे. नवं ठिकाण टाकलं की आधी तालुका निवडा, मग त्या तालुक्याचा आकडा बघून ऑर्डरच्या चौकटीत लिहा, ती चौकट तशीच सोडू नका. सोडली तर आत शून्य राहतं, आणि शून्य म्हणजे रावेरच्याही आधी. मागच्या आठवड्यात यादी उघडली तर सगळ्यात वर एका खेड्यातलं मारुतीचं देऊळ होतं. ना त्यावर शिलालेख, ना तिथे यात्रा. चौकशी केली तेव्हा कळलं, ताईंचं माहेर त्याच गावचं. भरायचं राहून गेलं, असं त्या म्हणाल्या. आप्पांना विचारलं, आकडा टाकू का? ते म्हणाले, "राहू दे पोळ्यापर्यंत."